संथ कादंबरी आणि घाईचे आश्वासन

कोणतीही कादंबरी वाचकाच्या हाती पडण्यापूर्वीच तिच्याविषयीचे काही ना काही त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. मुखपृष्ठावरील चित्र, मलपृष्ठावरील पाठराखण, वृत्तपत्रातील जाहिरात, प्रकाशनपूर्व सवलतीचे पत्रक, लेखकाच्या आधीच्या पुस्तकांची कीर्ती आणि ग्रंथपालाने पुस्तक देताना उच्चारलेले एखादे वाक्य, या सगळ्यांतून वाचकाच्या मनात पुस्तकाचे एक रूप तयार होते आणि पुढचे प्रत्येक पान तो या रूपाशी ताडून पाहत वाचतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संहितेभोवतीच्या या सर्व मजकुराचा स्वतंत्र अभ्यास केला आणि पुस्तकात शिरण्याची वाट याच मजकुरातून जाते, हे दाखवले. त्याच्या वीस वर्षे आधी, १९६७ मध्ये, जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली होती. वाचकाने पूर्वी वाचलेली पुस्तके, त्या वाङ्मयप्रकाराचे त्याला ठाऊक असलेले संकेत आणि रोजच्या व्यवहारातील भाषा यांतून जी हद्द आखली जाते तिला याउस क्षितिज म्हणतात. नवी कृती या हद्दीच्या आत राहते, तिला ताणते की ओलांडते, यावर तिचे स्वागत अवलंबून असते.

याउस यांना साहित्याचा इतिहास लिहायचा होता, पुस्तकांच्या विक्रीचा नव्हे. परंतु हे क्षितिज आखण्याच्या कामात प्रकाशकाच्या प्रसिद्धीचा वाटा जसजसा वाढत गेला, तसतसा त्याचा परिणाम एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांवर अधिक जाणवू लागला. ही पुस्तके म्हणजे हळूहळू उभ्या राहणाऱ्या मोठ्या कादंबऱ्या, आणि त्यांतही ज्यांत वाचकाला अनोळखी काळात किंवा अनोळखी सृष्टीत नेऊन बसवायचे असते अशा अद्भुताच्या अंगाने जाणाऱ्या कादंबऱ्या. अशा कादंबरीत पहिली शंभर-दीडशे पाने घटनांसाठी नसतातच. त्या सृष्टीतील माणसांची नावे, त्यांची कुळे, तेथील नदी-डोंगर, तेथे काय शक्य आहे आणि काय अशक्य, जुन्या काळी तेथे काय घडून गेले, हे सारे वाचकाच्या स्मृतीत रुजवण्यासाठी ती पाने खर्ची पडतात, आणि त्यांचे मोल तीनशेव्या किंवा पाचशेव्या पानावर पोहोचल्यावर कळते. मधल्या काळात वाचकाला लेखकावर विश्वास टाकून चालावे लागते.

या मधल्या काळातच अपेक्षेचे खरे काम चालते. वर्णनाचे एखादे संथ पान वाचताना ते ‘पूर्वतयारी’ आहे की ‘दिरंगाई’ आहे, हे त्या पानातील शब्द सांगत नाहीत. ते वाचक ठरवतो, आणि ठरवताना तो त्याला आधी मिळालेल्या आश्वासनाचा आधार घेतो. ज्याला युद्ध, रहस्य आणि वेग यांचे आश्वासन मिळाले आहे त्याच्या लेखी नदीकाठच्या गावाचे आठ पानी वर्णन युद्धाला झालेला उशीर ठरते. ज्याला एका संपूर्ण जगात मुक्काम करण्याचे आश्वासन मिळाले आहे त्याच्या लेखी तीच आठ पाने मुक्कामाची सुरुवात ठरतात. पुस्तकाची जाहिरात फार झाली म्हणून ते निराश करते, ही प्रचलित तक्रार त्यामुळे अर्धीच खरी आहे. जाहिरात किती झाली यापेक्षा तिने कशाचे वचन दिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि संथ कादंबरीच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती गतीविषयी.

अपेक्षा अनुभवालाच बदलते की केवळ अनुभवानंतरच्या मताला, हा प्रश्न मानसशास्त्रात नेटाने अभ्यासला गेला आहे. लेनर्ड ली, शेन फ्रेडरिक आणि डॅन अरिएली यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बीअरमध्ये द्राक्षांच्या शिरक्याचे, म्हणजे बाल्सॅमिक व्हिनेगरचे, काही थेंब मिसळून ती लोकांना चाखायला दिली. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांतील बऱ्याच जणांना ती आवडली. ज्यांना चाखण्यापूर्वी शिरक्याची कल्पना दिली होती त्यांना ती बरीच कमी आवडली. आणि ज्यांना चाखून झाल्यावर ही माहिती दिली त्यांचे मत पहिल्या गटापासून फारसे ढळले नाही. माहिती तीच होती, पदार्थ तोच होता, बदलली होती ती फक्त माहिती मिळण्याची वेळ. नुसते मत बदलत असते तर ते नंतर कळल्यावरही बदलले असते. आधी सांगितले तेव्हा चवच बदलली, असा निष्कर्ष त्यातून निघतो. कादंबरीची पाठराखण नेमकी चाखण्यापूर्वीच वाचली जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरे सूत्र कार्ल हॉव्हलंड आणि मुझफ्फर शेरिफ यांच्या १९६१ मधील संशोधनातून मिळते. माणसाच्या मनात आधीच ठरलेली एक भूमिका असते आणि नवी गोष्ट तिच्या जवळपास असेल तर तो ती आपल्या भूमिकेशी जुळवून घेतो, मात्र अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की ती आहे त्याहूनही दूरची वाटू लागते. पहिल्या प्रवृत्तीला सामावून घेणे आणि दुसरीला विरोध वाढवणे असे म्हणता येईल. पुढे ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे सूत्र वस्तूंच्या जाहिरातींना लावले. पुस्तकांना ते लावले तर असे दिसते की थोडी वाढवून केलेली स्तुती वाचकाचा अनुभव वर उचलते, परंतु स्तुतीची दिशाच चुकलेली असेल तर चांगले पुस्तकही त्याच्या योग्यतेपेक्षा वाईट भासू लागते. कथानकाचा शेवट आधी कळला तर मजा जाते, हा समजही इतका पक्का नाही. निकोलस ख्रिस्टेनफेल्ड आणि जोनाथन लेव्हिट यांनी २०११ साली बारा कथांवर केलेल्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा किंचित अधिकच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही आढळले. काय घडणार हे कळल्याने होणारे नुकसान अशा रीतीने वादाचा विषय आहे, आणि संथ कादंबरीच्या वाचकाला तर ‘काय घडणार’ यापेक्षा ‘केव्हा आणि कोणत्या चालीने घडणार’ याचीच पूर्वकल्पना अधिक उपयोगी पडते.

ही पूर्वकल्पना देण्याची रीत भारतीय परंपरेला अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘प्ररोचना’ नावाचे नाट्यांग सांगितले आहे; प्रयोगापूर्वी सूत्रधाराने कवीची आणि नाटकाची प्रशंसा करून प्रेक्षकांचे मन तिकडे वळवावे, असे तिचे प्रयोजन आहे. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभी या प्रशंसेचा फार सूक्ष्म उपयोग केला. भास, सौमिल्ल यांच्यासारखे नामवंत नाटककार असताना या नव्या कवीचे नाटक का पाहावे, ही प्रेक्षकाच्या मनातील शंका त्याने रंगभूमीवरच उच्चारू दिली आणि जुने म्हणून सगळे चांगले व नवे म्हणून सगळे त्याज्य असे नसते, असे तिला उत्तर देववले. प्रेक्षकाचे क्षितिज कोठे आहे हे ओळखून मगच ते हलवण्याचा हा प्रयत्न आहे. बाणभट्टाची सातव्या शतकातील ‘कादंबरी’ ही पोपटाच्या मुखातून उलगडणारी, अनेक जन्मांत पसरलेली अद्भुत कथा आजच्या वाचकाला अतिशय संथ वाटते. परंतु तिच्या काळातील रसिकाला दीर्घ वर्णन हाच गद्यकाव्याचा प्राण असल्याचे ठाऊक होते आणि त्यामुळे त्या वर्णनाला तो कंटाळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

नारदीय कीर्तनाने हाच करार महाराष्ट्राच्या गावागावांत रुजवला. आधी पूर्वरंग, म्हणजे एखाद्या पदाचे किंवा अभंगाचे विवरण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, हा क्रम श्रोत्याला बालपणापासून ठाऊक असतो. त्यामुळे पूर्वरंगात कथा अजून सुरू झाली नाही म्हणून कोणी उठून जात नाही, आणि आख्यानात पूर्वरंगातील सूत्र पुन्हा प्रकटले की श्रोत्याला त्या उशिराचे फळ मिळते. खानदेशात श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवात रात्रभर गाणी चालतात, त्यामागेही रात्र जागवायची आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असणे हीच मुख्य अट असते. संथपणा सहन करण्याची शक्ती प्राचीन श्रोत्यांत अधिक होती, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. त्यांना संथपणाची पूर्वसूचना होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी अद्भुताच्या बळावर झाली. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली सामाजिक प्रश्न घेऊन आले, पण वाचकांना वेड लावले ते लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषे’ने (१८६८). त्यांतून वाचकाच्या मनात कादंबरी म्हणजे राजकुमार, संकटे, योगायोग आणि सुखान्त, असे क्षितिज घडले, आणि हरि नारायण आपटे यांना आपली सामाजिक कादंबरी त्या क्षितिजावर उभी करावी लागली. त्यांना साहाय्य झाले ते ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे. १८९० साली सुरू झालेल्या या पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापून आली. आठवड्याला थोडी पाने वाचणाऱ्याला संपूर्ण कथेची गती जाणवत नाही, तो दर अंकापुरते समाधान मागतो, आणि त्यामुळे मोठ्या कथेला आपल्या चालीने वाढण्यास अवकाश मिळतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींचा विचार केला. त्यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे पुढच्या वर्षी उभे राहिले, त्यामुळे मराठी कादंबरीच्या समीक्षेचा एक धागा खानदेशाशी तेव्हापासून जोडलेला आहे.

दुसरा आणि अधिक बळकट धागा भालचंद्र नेमाडे यांचा. २७ मे १९३८ रोजी यावल तालुक्यातील सांगवी या गावी जन्मलेल्या नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. त्यानंतर ‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्या आल्या. ‘झूल’ १९७९ सालची. तेव्हापासून पुढील कादंबरीसाठी मराठी वाचकाला तीन दशके थांबावे लागले आणि या तीस वर्षांत ‘हिंदू’ हे नाव पुस्तकाच्या आधी फिरत राहिले. मुलाखतींत, साहित्यिक गप्पांत, महाविद्यालयांच्या मराठी विभागांत ती येणार, येते आहे, अशी चर्चा चालू राहिली. अखेर जुलै २०१० मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ प्रसिद्ध केली, तेव्हा प्रकाशनपूर्व नोंदणी, वृत्तपत्रांतील मोठ्या बातम्या आणि प्रकाशन समारंभाभोवतीचे कुतूहल यांनी असे वातावरण निर्माण केले होते की एवढी प्रतीक्षा मराठीत क्वचितच एखाद्या कादंबरीच्या वाट्याला आली असेल. मराठी भाषेतील एखादी गंभीर कादंबरी सार्वजनिक घटना व्हावी, ही आनंदाचीच गोष्ट होती. मात्र या प्रतीक्षेत कमीत कमी तीन वेगवेगळी आश्वासने एकत्र मिसळलेली होती आणि त्यांतले एकही कादंबरीच्या चालीविषयी नव्हते.

पहिले आश्वासन ‘कोसला’चे होते. पांडुरंग सांगवीकराच्या तिरकस, तुटक, वेगवान निवेदनाने ज्यांची तारुण्यातील वाचनरुची घडली होती त्यांना त्याच आवाजाची पुनर्भेट हवी होती. दुसरे आश्वासन शीर्षकाचे होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा शब्द राजकारणाने इतका तापलेला होता की काहींना पुस्तकात समर्थन हवे होते, काहींना खंडन, आणि दोघांनाही भूमिका हवी होती, तीही लवकर. तिसरे आश्वासन कथाविषयाचे होते. निवेदक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक, आणि आरंभीचे स्थळ सिंधुसंस्कृतीच्या मोहेंजोदडो येथील उत्खननाचे. एवढे समजलेल्या वाचकाच्या मनात पाच हजार वर्षांमागील नगर, गाडलेली रहस्ये आणि काळातून काळात जाणारा प्रवास यांचे एक अद्भुतरम्य चित्र उभे राहणे अगदी स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात कादंबरी वाचकाला कोठे नेते? वडिलांच्या आजारपणाची वार्ता येते, खंडेराव आपल्या खानदेशातील मोरगावाकडे निघतो, आणि मग घर, वाडा, शेत, नातलग, जाती, सण, भांडणे, मृत्यू, बायकांची आयुष्ये, गावातील बलुतेदार आणि भटके, यांच्या आठवणी एकावर एक साचत जातात. उत्खनन थांबत नाही; फक्त खणण्याची जागा बदलते आणि मातीचे थर जाऊन माणसांचे थर येतात. सहाशेच्या आसपास पानांच्या या पसाऱ्यात काळ सरळ रेषेत पुढे सरकत नाही, एक प्रसंग दुसऱ्याची आठवण काढतो, दुसरा तिसऱ्याची, आणि निवेदकाचे मन मोरगावच्या ओट्यावरून हजारो वर्षांमागे जाऊन पुन्हा त्याच ओट्यावर येते. हे अद्भुत राक्षसांचे किंवा जादूचे नाही. एका साध्या शेतकरी घराच्या आत इतके प्राचीन जग जिवंत नांदत असावे, याचे ते अद्भुत आहे, आणि ते प्रत्ययास येण्यासाठी वाचकाच्या मनातही तेवढी अडगळ साचावी लागते. शंभराव्या पानावर ती साचलेली नसते.

म्हणून ‘हिंदू’विषयी २०१० नंतर व्यक्त झालेल्या नाराजीचा मोठा भाग कादंबरीच्या दोषांवर नव्हे, तर या तीन आश्वासनांवर खर्च झाला, असे मानण्यास जागा आहे. सांगवीकर शोधणाऱ्यांना तो सापडला नाही, भूमिका शोधणाऱ्यांना ती एका वाक्यात मिळाली नाही आणि मोहेंजोदडो शोधणाऱ्यांना मोरगाव मिळाले. कादंबरीवर रास्त आक्षेप नाहीतच असे नाही. विवेचनाचे काही भाग कथेच्या अंगावर निबंधासारखे बसतात, आणि सुजाण वाचकालाही ते जाणवतात. तथापि ‘कथानक पुढे सरकत नाही’ हा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. अडगळ हा शब्द ज्या पुस्तकाने आपल्या उपशीर्षकात ठळकपणे छापला त्याने आपली चाल लपवली नव्हती. परंतु भोवतालच्या गाजावाजात तो शब्द अलंकारिक म्हणून वाचला गेला, सूचना म्हणून नव्हे. शिवाय ही कादंबरी एका नियोजित चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून जाहीर झाली होती, आणि पहिल्या भागाकडून पूर्णत्वाची मागणी करणे हेही त्या तीस वर्षांच्या प्रतीक्षेचेच अपत्य होते. पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना जाहीर झाला, आणि त्यानंतर ‘हिंदू’ हाती घेणाऱ्या वाचकाला आणखी एका आश्वासनाला, श्रेष्ठत्वाच्या, सामोरे जावे लागले.

खानदेशातील वाचकाची स्थिती या सगळ्यात थोडी निराळी राहते, आणि ती तपासण्यासारखी आहे. उदाहरण घ्यायचे तर, शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. आता तेथे औद्योगिक वसाहतही आहे, पण भोवतालचे शिवार कापसाचेच. या भागातील वाचकाला तापीचे खोरे, सातपुड्याची रेघ, कोरडवाहू शेतीची चिंता आणि भाऊबंदकीचे तपशील समजावून सांगावे लागत नाहीत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे वर्णन कथेला थांबवणारे वाटते तेच येथे ओळखीचा आनंद देते, आणि ओळखीच्या तपशिलात रमताना गतीचा प्रश्न मागे पडतो. मात्र ‘खानदेशची कादंबरी’ हे लेबलही पूर्ण विश्वासार्ह नाही. नरडाण्याच्या परिसरात अहिराणी बोलली जाते, तर यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात लेवा समाजाची बोली आणि तावडीची वळणे ऐकू येतात. दोन्हींत नाते आहे, पण त्या एक नव्हेत. आपलीच बोली पानोपानी भेटेल अशा अपेक्षेने येणाऱ्या अहिराणी भाषकाला म्हणूनच थोडे परके वाटू शकते. प्रदेशाचे नाव हेही एक आश्वासनच असते, आणि तेही मोजून द्यावे लागते.

इंग्रजीतील अद्भुत कादंबरीच्या बाजारात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला आहे. सुझाना क्लार्क यांची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ही कादंबरी सुमारे दहा वर्षे लिहिली गेली आणि ब्लूम्सबरीने ती सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केली. हॅरी पॉटरचे प्रकाशकही ब्लूम्सबरीच. नव्या लेखिकेच्या पहिल्याच पुस्तकाच्या अडीच लाख प्रती छापल्या गेल्या आणि ‘प्रौढांसाठी हॅरी पॉटर’ अशी ओळख तिला सर्वत्र चिकटली. कादंबरी होती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील दोन जादूगारांची, जुन्या इंग्रजी सामाजिक कादंबरीच्या शांत सुरात लिहिलेली, सुमारे आठशे पानांची आणि जवळपास दोनशे तळटीपांची. त्या तळटीपांत एका कल्पित जादूशास्त्राचा इतिहास दडलेला आहे, आणि शीर्षकातला पहिला जादूगार कथेच्या केंद्रस्थानी येण्यास पहिला खंड सरावा लागतो. पॉटरच्या धावत्या गतीसाठी आलेल्या वाचकाला या तळटीपा अडथळा वाटणार, आणि खोट्या इतिहासाची खरी मौज लुटण्यास आलेल्याला त्याच पुस्तकाचे वैभव वाटणार, हे उघड आहे. कादंबरीला २००५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला आणि ती टिकून राहिली. तरी हॅरी पॉटरशी केलेल्या तुलनेने तिला जेवढे ग्राहक दिले तेवढे वाचक दिले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा इतिहास उलट दिशेने गेला. ‘हॉबिट’ला १९३७ मध्ये यश मिळाल्यावर प्रकाशकांनी दुसरा भाग मागितला आणि हाती आला तो मुलांच्या गोष्टीहून फार वेगळा, अवाढव्य ग्रंथ. ॲलन अँड अन्विन यांनी तो १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापला, तेव्हा तो तोट्यात जाण्याची शक्यता त्यांनी गृहीत धरली होती. म्हणजे अपेक्षा आधीच माफक होत्या आणि खंडांमधील महिन्यांच्या अंतराने वाचकाला थांबण्याची सवय लावली. अर्ध्या शतकानंतर, २००१ ते २००३ या काळात, पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट आले आणि क्षितिज पालटले. चित्रपटात बिल्बोच्या वाढदिवसानंतर फ्रोडो लवकरच घराबाहेर पडतो असे भासते. कादंबरीत या दोन घटनांमध्ये सतरा वर्षे जातात, आणि त्याआधी हॉबिट लोकांच्या चालीरीती, तंबाखू, वंशावळी यांवर एक स्वतंत्र प्रास्ताविक आहे. चित्रपटातील लढाया पाहून पुस्तकाकडे वळणारा वाचक, मग तो इंग्रजीत वाचो वा मराठी अनुवादात, या सतरा वर्षांशी अडखळतो. लेखकाने एक शब्दही न बदलता पुस्तक अधिक संथ झाले आहे.

चित्रपटाच्या क्षेत्रात अपेक्षेचा हा परिणाम जवळजवळ प्रयोगशाळेत पाहावा तसा दिसला तो ‘तुंबाड’च्या बाबतीत. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट महाराष्ट्राच्या पावसाळी भूमीत घडतो, नारायण धारप यांच्या कथेशी त्याचे नाते आहे, शीर्षकाचा संबंध श्रीपाद नारायण पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या द्विखंडात्मक कादंबरीशी आहे, आणि त्याची निर्मिती कित्येक पावसाळे चालली. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याला भयपटाच्या पंक्तीत बसवले गेले. भयपटाचा प्रेक्षक दचकण्याची ठरावीक अंतरे मोजत बसतो. ‘तुंबाड’मध्ये भीती लोभाच्या तीन पिढ्यांतून हळूहळू झिरपते. चित्रपटगृहांत त्याला मध्यम प्रतिसाद मिळाला. नंतर घरबसल्या पाहणाऱ्यांनी तो काय आहे ते एकमेकांना सांगितले, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेहून अधिक कमाई केली. दोन्ही वेळी पडद्यावरची चित्रफीत तीच होती. पुन्हा पाहण्याची ओढ आणि मधल्या सहा वर्षांतील कीर्ती यांचाही त्यात हात आहे. पण दुसऱ्या वेळी आलेल्या प्रेक्षकाला पाऊस, वाडा आणि प्रतीक्षा यांचीच अपेक्षा होती, हे कारण त्यांहून कमी महत्त्वाचे नाही.

पुस्तकाला असे पुनःप्रदर्शन मिळते ते नव्या आवृत्तीतून आणि सार्वजनिक ग्रंथालयातून. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये तालुक्यापासून खेड्यापर्यंत पसरली. अनुदान, शासनमान्य ग्रंथांची यादी आणि विक्रेत्यांची सवलत यांवर त्यांची खरेदी चालत असल्याने नवे पुस्तक तेथे गाजावाजा ओसरल्यावरच पोहोचते. ग्रामीण वाचकाची ही गैरसोय खरी आहे आणि तिचे उदात्तीकरण करू नये. नवे पुस्तक त्याला वेळेवर मिळालेच पाहिजे. परंतु या विलंबाचा एक परिणाम नोंदवावा लागतो. जाहिरात विसरली गेलेली असते, मलपृष्ठ बांधणीत झाकले गेलेले असते, आणि उरते ते देवघेवीच्या टेबलावरचे वाक्य: पुस्तक मोठे आहे, सुरुवातीला नावे लक्षात ठेवा, सावकाश वाचा. गतीविषयीची जी सूचना प्रकाशकाच्या पाठराखणीत सापडत नाही ती येथे पहिल्याच वाक्यात मिळते, आणि ती देणारा माणूस वाचकाला ओळखत असल्याने तो ती माणूस पाहून देतो. पाठराखण लिहिणाऱ्याला एकाच मजकुरात हजारो अनोळखी माणसांशी बोलायचे असते, त्यामुळे तो साहजिकच घटनांची नावे घेतो. तरीही कथा कोठून वेग घेते, कोणत्या खंडात कोण येते, मध्ये किती काळ जातो, एवढे सांगण्यास त्याला कोणी अडवलेले नसते. मराठीतील थोड्याच पाठराखणी हे सांगतात.

‘कोसला’ची आजची अवस्था या दृष्टीने फार बोलकी आहे. १९६३ मध्ये अनोळखी लेखकाचे ते पहिले पुस्तक होते, आणि वाचक त्याच्या तिरकस निवेदनाला कोणतेही वचन न घेता सामोरा गेला. आज धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ती मराठी कादंबरीला वळण देणारी कृती म्हणून, प्राध्यापकांच्या विवेचनासह आणि परीक्षेच्या प्रश्नांसह हाती घेतो. साठ वर्षांपूर्वीच्या वाचकाला तिच्यात जो अनपेक्षित मोकळेपणा लाभला तो या विद्यार्थ्याला अपेक्षित म्हणूनच शोधावा लागतो, आणि पांडुरंग सांगवीकर वसतिगृहातील खोलीत काहीच न करता दिवस घालवतो ती पाने वाचताना त्यातले क्रांतिकारक नेमके कोठे आहे, असा प्रश्न तो वर्गात विचारतो. या प्रश्नाला उत्तर देताना शिक्षकाला आधी १९६३ पूर्वीच्या मराठी कादंबऱ्या, त्यांची सजवलेली भाषा आणि त्यांतले आदर्श नायक यांविषयी बोलावे लागते. म्हणजे पुस्तकाचा आनंद विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पुस्तकाबाहेरचे ते जुने क्षितिज त्याच्यासमोर पुन्हा आखावे लागते.